क्रेनवर तारीख रंगवतात, मग झिपलाइनवर का नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे आधीच सांगतो, कात्री लावायची तर लावा पण ते झिपलाइनच्या (ताणलेल्या वायरला पुलीनं लटकून घसरत जायचा खेळ) वायरच्या क्लिपांचं तेवढं ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. बाकी आमच्या सहलीचं कौतुक लोकांना कशाला.

मी सांगलीचा. साखर कारखान्यात ३४ वर्षं फिटर म्हणून काढली, त्यातली निम्म्याच्या वर तरी ऊस उतरवायच्या क्रेनवर, म्हणजे ट्रक ट्रॅक्टर यार्डात आला की उसाची मोळी स्लिंगनं उचलायची आणि गव्हाणीत सोडायची, तो अनलोडर. सीझन चालू असताना रात्री दोनला पण फोन यायचा, वायर रोप ड्रमवरनं उतरलाय या म्हणून, मग स्वेटर घालून सायकलवर. आता रिटायर होऊन पाच वर्षं झाली, हात थांबले पण डोळे काही थांबत नाहीत, कुठं वायर दिसली की नजर आधी तिच्या टोकाला जाते. लिफ्टमध्ये शिरलो तरी मी वर बघतो, त्यावरनं बायको चिडवते. रायगडचा रोपवे १९९६ ला सुरू झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी कारखान्याची सहल गेलेली, सगळे दरी बघत होते आणि आम्ही चार फिटर वायर बघत होतो.

तर यंदा मे महिन्यात नातीला सुट्टी, मुलाला चार दिवस रजा मिळाली, म्हणलं पाचगणीला जाऊ. पहाटे निघालो, पेठ नाक्याला हायवेला लागलो, आणि तिथनं पुढं साताऱ्यापर्यंत ते सहा पदरी रस्त्याचं काम आणि डायव्हर्जन, त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल म्हणून सोडतो. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, पसरणी घाट चढलो, दुपारी जेवायला वर. नात नऊ वर्षांची. गाडीत पूर्ण वेळ मोबाईलवर झिपलाइनचे व्हिडिओ, दुबईच्या बाजूला रास अल खैमाला २०१८ साली सुरू झालेली आहे म्हणे पावणेतीन किलोमीटरच्याही वर लांब, लोक पालथे झोपून डोंगरावरनं सुटतात. आबा आपण पण करायचं, आबा आपण पण करायचं, असं वाईपासनं चालू. मी हो हो म्हणत होतो, मला वाटलं विसरेल. पोरं विसरत नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जागेचं नाव लिहीत नाही, मालकाशी माझं भांडण नाही आणि दुसऱ्या ठिकाणी याच्यापेक्षा बरं असेल असं पण मला वाटत नाही. माणशी सहाशे रुपये. आमची मंडळी ऐकूनच मागं फिरली, सहाशे रुपये देऊन कोण जीव टांगून घेणार, आणि ह्या वयात हाड मोडलं तर कोण बघणार तुमचं, असं सगळ्यांसमोर बोलली. मी ६३ चा आहे. खरं सांगायचं तर मला पण जायचं नव्हतं, क्रेनवर चढून वायरला ग्रीस लावणं वेगळं आणि त्याच वायरला स्वतःला लटकवून घेणं वेगळं. पण नातीसमोर नाही कसं म्हणणार.

तिकिटाबरोबर एक फॉर्म दिला सही करायला. दोन पानं, सगळं इंग्रजीत, बारीक अक्षर. लोक वाचत नव्हते, रांगेतच गुडघ्यावर ठेवून सह्या चालल्या होत्या. मी सूनबाईला म्हणलं वाच आणि मराठीत सांग. मतलब एवढाच निघाला की काय झालं तर आम्ही जबाबदार नाही, तुम्ही तुमच्या मर्जीनं आलाय. जबाबदारी झटकायला दोन पानं आणि वायरची माहिती द्यायला एक ओळ नाही. सही केली, न करून सांगता कुणाला.

आता मुद्द्यावर येतो. रांग टॉवरच्या मागनं होती. टॉवर लोखंडी, दोन माळ्याएवढा उंच, आणि त्याच्या मागं जमिनीत काँक्रिटचा मोठा ठोकळा गाडलेला, त्याला कडी, आणि वरनं येणारी वायर त्या कडीतनं वळवून परत स्वतःवर आणून क्लिपांनी आवळलेली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड वायर रोपला गाठ मारता येत नाही. मग टोक वळवून घ्यायचं, आत थिंबल (खोबणीची लोखंडी कडी) घालायचं म्हणजे वळणावर वायर चेपत नाही, आणि दोन्ही पदर शेजारी शेजारी धरून त्याच्यावर क्लिपा मारायच्या. ह्या क्लिपेला दोन भाग, एक यू आकाराचा बोल्ट आणि एक खोबणीचा भाग ज्याला आम्ही खोगीर म्हणतो. आणि नियम असा की खोगीर नेहमी ओझं घेणाऱ्या पदरावर बसलं पाहिजे आणि यू बोल्ट मोकळ्या शेपटावर. कारण यू बोल्टचा लोखंडी दांडा वायरला एका जागी चावतो, शेपटाला चावला तर फरक पडत नाही कारण त्याच्यावर ताण कमी, पण ओझं घेणाऱ्या पदराला चावला तर तिथं वायर दबते, तारा मोडतात आणि तिची ताकद जाते. आमच्या मेस्त्रीनं पहिल्या आठवड्यात हे शिकवलेलं आणि उलटी क्लिप दिसली की पाना घेऊन अंगावर यायचा.

तिथं पाच क्लिपा होत्या. चार बरोबर आणि मधली एक उलटी.

मी आधी चष्मा पुसला. मग वाकून बघितलं. मग रांग सोडून ठोकळ्यापाशी जाऊन बसलो, तेव्हा मागनं एकजण म्हणला, ओ काका, भीती वाटत असेल तर बाजूला थांबा की, आमची वेळ कशाला घालवता. पुण्याचा असावा. मी काही बोललो नाही.

आता कुणी म्हणेल एका क्लिपेनं काय होतंय. बरोबर आहे, त्या दिवशी काहीच झालं नसतं. चार नीट होत्या, आणि मेन वायरच्या वरनं दुसरी एक बॅकअपची वायर पण होती, दोन्हीला माणूस अडकवतात, हे चांगलं होतं आणि ते मी मान्य करतो. पण माझं म्हणणं वेगळं आहे. क्लिप उलटी बसते म्हणजे जो बसवतोय त्याला ती सुलटी कशी असते ते माहीत नाही, किंवा माहीत आहे आणि घाई होती. आणि ती उलटीच राहते म्हणजे त्याच्यानंतर जाणकार माणूस तिथं एकदा पण वाकलेला नाही. मला क्लिपेची भीती नाही वाटली, ती न दिसण्याची वाटली.

वर जो पोरगा लोकांना पट्टे घालत होता त्याला हाक मारली. जावळी खोऱ्यातला होता, बावीस-तेवीसचा. म्हणलं बाळा ही क्लिप उलटी आहे. तो खाली आला, बघितलं, म्हणला आजोबा आम्हाला रोज वरचं बघायला सांगितलंय, पुली, हुक, पट्टे, हेल्मेट, हे खालचं बसवून गेले ते पार्टीवाले. हे उत्तर मला आवडलं कारण खोटं नव्हतं. त्यानं सुपरवायजरला फोन लावला. सुपरवायजर आला तो आधीच तापलेला, तुम्ही इंजिनिअर आहात का म्हणला. म्हणलं नाही, फिटर आहे. इंजिनिअर कागदावर सही करतो, क्लिप फिटर बसवतो. मग तो जरा शांत झाला, मोबाईलवर कुणाला तरी फोटो पाठवला, पाचेक मिनिटं तिकडनं बोलणं झालं आणि मग लाइन थांबवली. टॉवरवर माणूस नाही, वायरवर माणूस नाही हे बघून त्या पोरानं पाना आणला, मी नुसता शेजारी उभा राहिलो, एकच क्लिप ढिली करायची, फिरवायची, आवळायची, मग बाकीच्या चारींचे नट पण तपासून घ्यायचे. त्यातले दोन नट अर्धा आटा फिरले. हे पण लिहून ठेवा साहेब, कारण नव्या वायरवर ताण आला की ती जरा बारीक होते आणि क्लिपा ढिल्या पडतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा आवळाव्या लागतात, एकदा बसवल्या की झालं असं नसतं.

वीस मिनिटं गेली. रांगेतले लोक माझ्याकडं असं बघत होते की मी त्यांचं जेवणाचं ताट ओढून घेतलंय. फक्त एक बाई आल्या आणि विचारलं काका आता बरोबर आहे ना. म्हणलं हो. त्या म्हणल्या मग तुम्हीच आधी जा.

आता जरा वायरच्या ताणाबद्दल सांगतो, कारण तिथंच उभं राहून माझ्या मुलानं विचारलं की बाबा माणूस ऐंशी किलोचा, एवढी जाड वायर, काय होणार आहे. बी ई झालेला पोरगा आहे बरं का. तर घरी कपडे वाळत घालायची दोरी बघा. दोरी सैल असली की ओली चादर टाकली तरी खिळा जाग्यावर राहतो, तीच दोरी तारेसारखी ताणून बांधा आणि मधोमध चादर टाका, खिळा भिंतीतनं निघून येतो. चादरीचं वजन तेवढंच. समजा दोन टोकांत २०० मीटर अंतर आहे, मधोमध ८० किलोचा माणूस लटकला आणि तिथं वायर ४ मीटर खाली आली, तर त्या वायरमध्ये ताण येतो साधारण १००० किलोचा. एक टन. झोळ ८ मीटरचा ठेवला तर तोच ताण निम्म्यावर येतो. वायरचं स्वतःचं वजन वेगळंच. म्हणून वायर किती ताणायची हे डोळ्यानं ठरवायचं काम नाही, जास्त ताणली तर माणूस जोरात जातो, लोकांना मजा येते, पण टोकाच्या क्लिपा आणि ठोकळा त्याची किंमत मोजतात. आमच्या क्रेनला माल उचलायला वायर ओझ्याच्या पाच-सहा पट ताकदीची घ्यायची पद्धत होती, माणसं न्यायची म्हणल्यावर त्याच्यापेक्षा जास्तच पाहिजे.

असो. वर चढलो. पट्टे घातले, मांड्यांना, कमरेला, छातीला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला शिवलेली चिठ्ठी असते तिच्यावर बनवल्याची तारीख असते, मी बघितली, धुऊन धुऊन पुसट झालेली पण वाचता आली, तीन वर्षांचा होता. हे पण लोकांना माहीत नसतं, वायर उन्हात काही वर्षं टिकते पण नायलॉनचे पट्टे उन्हानं आतनं कुजतात, वरनं रंग छान दिसतो, म्हणून कंपन्या त्याला वयाची मर्यादा घालतात, वापरा नाहीतर कपाटात ठेवा, वय झालं की टाकून द्यायचा. २०२५ च्या जूनमध्ये मनालीला नागपूरची एक मुलगी झिपलाइनवरनं खाली पडली, तिचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, तिथं पट्टाच तुटला असं पेपरात आलं होतं.

पोरानं आधी मला टॉवरच्या कठड्याला एक हुक लावला, मग पुलीला दुसरा, बॅकअपला तिसरा, आणि मग कठड्याचा काढला. हा क्रम मी मुद्दाम बघितला. २०२५ च्याच एप्रिलमध्ये भोर तालुक्यात एका ठिकाणी एक तरुणी गेली, ती काही वायर तुटून गेली नाही, वायरला अडकवायच्या आधीच, दोरी हाताला येत नाही म्हणून स्टुलावर उभी राहिली आणि तिथनंच खाली. लोकांचं लक्ष सगळं दरीकडं असतं.

तो म्हणला आजोबा बसा. बसा म्हणजे हवेत बसा. पाय मुडपून घेतले, पट्ट्यांनी अंग तोललं, आणि मग त्यानं मला सोडलं.

पोटात जे काही होतं ते घशाशी आलं. पहिली तीन-चार सेकंद डोळे मिटलेलेच होते, आणि कानात पुलीचा आवाज, आणि संपादक साहेब हसू नका पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बेअरिंगला ग्रीस आहे, कोरडा आवाज नाही. मग डोळे उघडले. खाली झाडांचे शेंडे, आणि त्यांच्या पलीकडं सगळं कृष्णेचं खोरं उघडं पडलेलं, लांब धोमचं पाणी चकाकत होतं, मे असल्यानं बरंच आत गेलेलं, काठाला तांबडी माती दिसत होती. हेच पाणी वाईवरनं, कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन आमच्या आयर्विन पुलाखाली येतं. २०१९ ला तेच आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं आणि इथं वरनं बघितलं तर किती गरीब दिसत होतं. वारा तोंडावर, चष्म्याची दोरी मानेला घट्ट, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मुलगा म्हणतो आई म्हणून ओरडलात. असेल. चौतीस वर्षं मोळ्या वर चढवल्या, त्यांना कसं वाटत असेल ते त्या दिवशी कळलं.

वीस-पंचवीस सेकंदात खेळ खलास, पलीकडं स्प्रिंगच्या ब्रेकवर धप्पकन थांबलो, तिथल्या पोरानं ओढून घेतलं. पाय लटपटत होते आणि तोंडावरचं हसू जात नव्हतं. सहाशे रुपये वसूल, हे मंडळींना सांगितलं नाही अजून.

मग नात. वजन तिचं सव्वीस किलो. पाटीवर लिहिलेलं आठ वर्षांच्या वरची मुलं चालतील, वजनाचा उल्लेख कुठं नाही, आणि तिकीट देताना पण विचारलं नव्हतं. हलकं माणूस वायरवर हळू जातं, वाऱ्याचा अडथळा सगळ्यांना जवळपास सारखाच पण त्याच्याविरुद्ध ढकलायला हलक्याकडं वजन नसतं. त्यात समोरनं वारा सुटलेला. पोरगी निघाली छान, हात सोडून, आणि आमच्यापासनं पंचवीस-तीस फुटावर येऊन थांबली. थांबली आणि मग हळूहळू मागं घसरायला लागली, झोळाच्या मध्यापर्यंत. खाली झाडं. ती आधी हसत होती, मग हसायची थांबली, मग आबा अशी एकच हाक मारली. इकडच्या पोरानं स्वतःची पुली लावली, वायरवरनं हातांनी ओढत ओढत तिच्यापर्यंत गेला आणि तिला घेऊन आला, सहा-सात मिनिटं लागली असतील, मला तो सगळा वेळ गळीत हंगामाएवढा वाटला. पोरगं सराईत होतं, म्हणला रोज दोन-तीन लहान मुलं अशी थांबतात. रोज दोन-तीन थांबतात तर वजनकाटा का नाही ठेवत बाबा. आमच्या सांगलीत हळदीच्या सौद्यात एक पोतं काट्यावर गेल्याशिवाय हलत नाही, आणि इथं माणूस चेहरा बघून सोडतात. त्याच्या मागनं माझा मुलगा आला ब्याण्णव किलोचा, तो एवढ्या जोरात आला की ब्रेकची स्प्रिंग पूर्ण दबली आणि त्याची मान हिसकली, दोन दिवस बाम चोळत होता. एकाच वायरवर सव्वीस आणि ब्याण्णव, आणि मध्ये काही फेरफार नाही.

सूनबाईचा नंबर आला तेवढ्यात महाबळेश्वरच्या बाजूनं ढग काळे झाले, वळीव येणार असं दिसायला लागलं, एक बारीक गडगडाट झाला. वरच्या त्या जावळीच्या पोरानं लगेच लाइन बंद केली. पाऊस नव्हता अजून. रांगेत पुन्हा आरडाओरडा, एवढं काय लगेच, अजून थेंब नाही. त्यानं ऐकलं नाही, म्हणला लोखंडाची वायर आहे, वीज चमकायला लागली की मी सोडत नसतो, पैसे काउंटरला परत मिळतील. आणि खरंच परत मिळाले. त्या पोराचं कौतुक केलंच पाहिजे, मालकाचं नुकसान होतंय हे माहीत असून त्यानं थांबवलं. पूर्वी जावळीतली पोरं माथाडीला मुंबई गाठायची, आता काहींना घराजवळ हे काम मिळालंय, म्हणून हे बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. कुणी माझ्या पत्राचा तसा अर्थ काढू नये.

माझी मागणी साधी आहे. आमच्या वेळी कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे क्रेनची, साखळीची, वायर रोपची दर बारा महिन्यांतनं एकदा तरी जाणकार माणसाकडनं कसून तपासणी व्हावी लागायची, आणि किती वजन उचलायचं तो आकडा स्पष्ट दिसेल असा लिहावा लागायचा. आम्ही त्याच्या शेजारी तपासणीची तारीख पण पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवायचो, कुणी सांगितलं नव्हतं, पण खालनं जाणाऱ्या हमालाला सुद्धा वाचता यायची. तो कायदा कारखान्याचा होता, टेकडीवरच्या झिपलाइनला लागू नव्हता, हे मला कळतं. पण विचार करा, उसाच्या मोळीसाठी एवढं आणि माणसासाठी इंग्रजीतला फॉर्म. राज्य सरकारचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात असले खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची आहे, चांगली गोष्ट आहे, पण नोंदणीचा कागद ऑफिसच्या फायलीत आणि लटकणारा माणूस रांगेत. त्याला तिथं काय दिसतं? रेटकार्ड, सेल्फी पॉइंट आणि व्हिडिओचे दोनशे रुपये वेगळे.

टॉवरला पायथ्याशी एक पत्रा ठोका. वायर कधी बसवली, शेवटची तपासणी कुठल्या तारखेला आणि कुणी केली, कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन किती, एवढं मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. तारीख जुनी असेल तर गिऱ्हाईक स्वतः विचारेल, इन्स्पेक्टर यायची वाट बघायला नको. शेजारी एक वजनकाटा. आणि जी पोरं रोज सकाळी पुली-पट्टे बघतात त्यांना खालची टोकं पण बघायला शिकवा, तासाभराचं काम आहे, कॉटन वेस्टचा बोळा वायरवरनं फिरवायचा, जिथं धागा अडकला तिथं तार तुटलेली, हात लावायची पण गरज नाही. एवढं त्यांना कोण शिकवणार विचाराल तर सांगली-सातारा पट्ट्यात साखर कारखाने किती आहेत मोजा, प्रत्येकातनं दरवर्षी दोन-चार फिटर रिटायर होतात आणि कट्ट्यावर बसून राजकारण करतात. बोलवा की त्यांना. चहा पाजला तरी येतील.

एक गोष्ट लिहू का नको असं चाललंय पण लिहितो. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्या जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली. ती वेळ वेगळी होती, पाणी दारात होतं, लोक जीव वाचवायला चढले होते, तिथं कोण कुणाला मोजणार. पण तेव्हापासनं आमच्या भागातल्या माणसाला किती माणसं, किती वजन हा आकडा नुसता आकडा वाटत नाही. पुरात मोजायला उसंत नव्हती. सुट्टीत, रांगेत अर्धा तास उभं राहून, सहाशे रुपये मोजताना आहे की.

परत येताना नात गाडीत झोपली होती, कऱ्हाडला जागी झाली आणि पहिलं वाक्य, पुढच्या वेळी मी जाड होऊन येते. सांगलीत पोचल्यावर मुलानं माझा व्हिडिओ आमच्या जुन्या कारखान्याच्या ग्रुपवर टाकला, तो आई म्हणून ओरडलेला. दिवसभर चेष्टा. रात्री आमच्या मेस्त्रीचा फोन आला, वय ऐंशीच्या घरात, कान गेलेत पण आवाज तसाच. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्यानं विचारलं, क्लिपा किती होत्या? म्हणलं पाच, एक उलटी होती, फिरवून घेतली. बरं केलंस म्हणला. मग जरा थांबून, आणि पलीकडच्या टोकाला?

मी म्हणलं मेस्त्री, तिकडं पोचलो आणि पोरगी अडकली, मग ढग आले.

म्हणजे बघितल्या नाहीस.

नाही बघितल्या.

त्यानं फोन ठेवून दिला.

आपला वाचक,
एक निवृत्त फिटर
विश्रामबाग, सांगली